फ्रिजवरचा तिसरा रकाना

ताई,

फ्रिजवरच्या ‘सध्या काय वाचतेय’ या कागदावर आपल्या दोघींच्या शेजारी तिसरा रकाना दिसला, तेव्हा तू म्हणालीस, “तुझेच उद्योग, शास्त्रज्ञबाई!” माझे नाहीत गं. अक्षर तुझंही नाही. कुलूप बदललं, तरी आठ दिवस नोंदी होतच आहेत. पुस्तकं आपलीच, फक्त आपल्यापेक्षा दोन प्रकरणं पुढे, आणि खाली ‘मजा येतेय’.

आज त्या रकान्यात पुस्तकाच्या जागी ‘धाकटीची रोजनिशी’ असं लिहिलंय. तिला मी प्रयोगवहीसारखे आधीच पानांचे आकडे घालून ठेवते आणि दिवसाला एकच पान लिहिते. काल एकशे चाळिसावं लिहिलं. नोंद एकशे एक्केचाळिसाव्याची आहे: ‘ताईचा भाग वाचवत नाही.’

म्हणजे आजचं पान. ते कोरं होतं, तरी फाडून जाळलं.

तू गाढ झोपली आहेस. श्वास मोजले, मिनिटाला चौदा, म्हणून उठवलं नाही. प्रयोगशाळेत रजेचा अर्ज देऊन अकरापर्यंत येते. तोवर गॅस पेटवू नकोस, गच्चीवर जाऊ नकोस, गाडी काढू नकोस. हसायचं तर खुशाल हस, पण उठल्याउठल्या फोन करून हस. मला ऐकू दे.

धाकटी