सोनारीहून येणारा फोन

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना. सकाळी ७.२०

आजपासून घरात फोन. मोबाईल नव्हे, फोन. इंटरनेटवर चालणारा, पण ठेवायला टेबल लागणारा. लोहाऱ्यात आमच्या गल्लीत पहिला. (गल्ली म्हणजे आमच्या बाजूची रांग. समोरच्यांचं मला माहीत नाही.)

कारण लिहून ठेवतो. प्रतीक्षाला सोनारीचं स्थळ आलंय. मुलगा युवराज, कृषी सहायक, उंची पाच फूट साडेआठ. दाराच्या चौकटीशी मी नजरेनं ताडून घेतली. पितृपंधरवड्याच्या आधी पाहून गेले. पोरगी तेव्हापासून विनाकारण हसते. मुलाचे वडील आण्णासाहेब म्हणाले, पंधरवड्यात बोलणं नको, आम्हाला बार्शीचंही एक स्थळ आलंय, खंडेनवमीला राहुकाळाच्या आत, म्हणजे साडेदहाच्या आत फोन करतो. उचलला तर दसऱ्याला सुपारी फोडू. नाही उचलला तर तुमच्याच मनात नाही असं समजू.

असा फोन मोबाईलवर घेणं शोभत नाही. माझा मोबाईल दुकानाचा. पाण्याची मोटार जळालेली माणसं त्यावर ओरडतात.

दुपारी १.१५

फायबरवाला रणधीर आला. भिंतीला भोक दोन इंच खाली पाडत होता. थांबवलं. लेव्हल बॉटल आणून रेघ मारून दिली. मोटार रिवाइंडिंग मी कुणाकडं शिकलो नाही, सत्तावीस वर्षं करतोय. त्याला हे सांगितलं. व्हय काका म्हणाला. तीनदा सांगितलं. तीनदा व्हय काका म्हणाला.

त्याचं म्हणणं, फोन नवा बटणाचा घ्या. मी माळ्यावरून वडिलांच्या वेळचा काळा, तबकडीचा उतरवला. रणधीरनं तो इंटरनेटच्या डब्याला जोडला, आपल्या मोबाईलवरून रिंग दिली. वाजला! (चाचणी. नोंदीत धरत नाही.) इकडून मात्र आकडा फिरवला की लागत नाही. ह्याला तबकडी कळत न्हाय काका, म्हणाला. काही बिघडत नाही. मुलीच्या बापानं फोन करायचा नसतो, घ्यायचा असतो.

जाताना म्हणाला, डबा इन्व्हर्टरवर घ्या, लाइट गेली की फोन बंद पडंल. हसू आलं. फोनला करंट एक्स्चेंजमधून येतो, हे मला तो जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. तर म्हणे, काका, ही काचेची तार, ह्यातून करंट येत न्हाय, उजेड येतो. मी विचारलं, करंटशिवाय उजेड कुठं पाहिलास? त्यानं पिशवी उचलली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉल रजिस्टर आखलं. रकाने: अनुक्रमांक, तारीख, वेळ, कुणाचा, कारण, कालावधी, आवाजाची प्रत. दोनशे पानी.

प्रतीक्षाच्या बायोडाट्यावर हिनं, म्हणजे बायकोनं, आपला मोबाईल नंबर लिहून ठेवला होता. खोडला. माझाही खोडला. त्या जागी नवा नंबर, एसटीडी कोडसकट, ठळक अक्षरात. खाली रेघ. सोनारीला पोस्टानं पाठवला. दैवशाला म्हणाली, अहो, एक तरी चालणारा नंबर राहू द्या की. मी सविस्तर समजावलं. शेवटी मोबाईल घेऊन आत गेली. पटलं.

आलेले कॉल: ०.

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.४०

२.१० ते ४.३५ लाइट नव्हती. फोन उचलून पाहिला. टोन नाही. रविवार असल्यानं एक्स्चेंजला सुट्टी असणार.

डब्यावर धूळ बसू नये म्हणून हिच्या लोकरीच्या विणकामातला एक रुमाल घातला. चौपदरी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

डबा तापला. प्रतीक्षानं रुमाल काढला. आप्पा, ह्याला थंडी वाजत न्हाय, म्हणाली. लग्न ठरायच्या आधीच बापाला बोलायला लागली.

संकल्प: उद्यापासून फोनवर बोलण्याचा सराव. सुरुवातीला "नमस्कार, वैजनाथ बोलतोय", मग दोन सेकंद थांबायचं. घाई दिसता कामा नये.

आलेले कॉल: ०. लोकांना नंबर नवीन आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सराव २२ वेळा. बाराव्या वेळी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, नमस्कार वैजनाथराव, आता भाजी आणता का? सराव मोडला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी. सकाळी ८.१५

दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पुसून घरी आणली. वाइंडिंग मशीन, मीटर, पाने, पक्कड, लाकडी हातोडी. पाटावर उंचीप्रमाणं मांडली. आज यंत्राला हात लावायचा नाही, करंट द्यायचा नाही. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. इंटरनेटचा डबाही यंत्रच. प्लग काढून, वायर गुंडाळून पाटावर ठेवला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. फोनलाही हार. त्याची वायर मात्र डब्यातच राहू दिली, म्हणजे कॉल यायला अडचण नको.

प्रतीक्षा म्हणाली, आप्पा, पण डबाच बंद... मी हात वर केला. डब्याचे दिवे इंटरनेटसाठी असतात. फोनला दिवे लागत नाहीत.

८.४० 

पाटासमोर बसलो. धुतलेला सदरा. रजिस्टर उघडं, पेन उघडं.

९.२५ 

फोन शांत. लाइन स्वच्छ असल्याचं लक्षण.

९.५० 

आत हिचा मोबाईल वाजला. बराच वेळ हसणं, मग प्रतीक्षाचंही. माहेरचा असणार. मोबाईलमुळं माणसं किती वाया जातात! आवाज कमी करा म्हणून ओरडलो. इथं महत्त्वाचा फोन यायचाय.

१०.३० 

राहुकाळ लागला.

१०.३५ 

आला नाही.

चूक माझ्याकडून झाली असेल का, हा विचार १०.४१ ला आला. पोरीनं गेल्या महिन्यात निळ्या साडीला फॉल लावून आणलाय, तेही आठवलं. विचार १०.४४ ला गेला.

सोनारीच्या माणसांना वेळेची शिस्त नाही. बरंच झालं.

१०.५० 

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं, स्थळ मोडलं. मन घट्ट करा. ही काहीतरी सांगायला लागली. हात वर केला. म्हणालो, आज मला कुणी काही बोलू नका. प्रतीक्षानं तोंडाला ओढणी लावली. खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी. पोरीचं दुःख पाहवलं नाही, बाहेर आलो.

सायंकाळी ५.१०

ही दोन किलो हरभऱ्याची डाळ निवडतेय. आम्ही तिघं. धक्का बसला की बायका कामात मन रमवतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. सकाळी ११.२०

दारात जीप. उतरलेली माणसं: नऊ. आण्णासाहेब, युवराज, बाकीचे नात्यातले. टोपलीत नारळ, पानसुपारी. मी बनियनवर.

दैवशाला निळ्या साडीतल्या प्रतीक्षाला घेऊन बाहेर आली. पुरणाचा वास त्यांच्यामागून. मी हिच्याकडं पाहिलं. ही म्हणाली, कालपासून सांगतेय, तुम्ही हातच वर करताय. मग कळलं. हिनं चार तारखेलाच सोनारीला मोबाईलवरून फोन केला होता. आमच्या घरातला फोन नुसता मांडून ठेवायचा आहे, बोलायचं असंल तर माझ्या नंबरवर बोला, असं सांगितलं होतं. कालचा ९.५० चा कॉल त्यांचाच.

आण्णासाहेबांचं लक्ष पाटाकडं गेलं. डबा, त्यावर गुंडाळलेली वायर, फोनच्या गळ्यात हार. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातात आपट्याची पानं देऊन म्हणाले, वैजनाथराव, बरं झालं, वहिनींनी कळवलं होतं. न्हायतर ह्याच्याकडं बघून आम्ही दारातूनच दुखवटा करून गेलो असतो!

नऊच्या नऊ हसले. प्रतीक्षाही. आज तिनं तोंडाला ओढणी लावली नाही.

सुपारी फुटली. वेळ १२.०४.

दुपारी ४.३०

जीप गेली. पूजा उचलली. प्लग लावला, इन्व्हर्टरच्या बोर्डात. (रणधीर म्हणाला म्हणून नव्हे. तो बोर्ड टेबलाजवळ आहे.)

४.४३ 

फोन वाजला! तीन रिंग होऊ दिल्या. उचलला. नमस्कार, वैजनाथ बोलतोय. दोन सेकंद थांबलो.

रजिस्टर. अनुक्रमांक: १. वेळ: ४.४३. कुणाचा: दैवशाला, स्वयंपाकघरातून. कारण: चहा झालाय, या. कालावधी: ९ सेकंद. आवाजाची प्रत: उत्तम. भिंतीतूनही आला.