न वाचता दाबलेलं बटण

मास्तर, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या छापखान्यात ट्रेडल मशीन चालू होतं आणि भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसी टेकलेल्या होत्या. पुढचं सांगायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटर आला. मी सातवी शिकलेला, मला ते जमेल असं घरात कुणाला वाटत नव्हतं, मला तर नव्हतंच. तरी नव्वदीच्या मध्यावर मी मराठी मजकूर जुळवायचा प्रोग्राम विकत घेतला. खोक्यात फ्लॉप्या होत्या, कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचं बोटाएवढं कुलूप होतं, ते खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे, आणि कंपनीचं सहीशिक्क्याचं मराठी पत्र होतं: एकदा घेतलात की हा प्रोग्राम कायमचा तुमचा. ते पत्र मी प्लास्टिकमध्ये घालून तुमच्या फोटोखालच्या खणात ठेवलं. सकाळी दुकान उघडलं की आधी कुलूप जागेवर आहे ना ते बघायचो, मग उदबत्ती. बायको म्हणायची, "देवाच्या आधी त्या डबीला हात. काही लाज बाळगा."

तुमची एक रीत मात्र मी सोडली नाही. गिऱ्हाइकानं प्रूफ मोठ्यानं वाचायचं, येत नसेल तर आपण वाचून दाखवायचं, मग सही नाहीतर अंगठा. त्यानंतर आपल्या मनानं काही हलवायचं नाही. मी नवीन असताना एका लग्नपत्रिकेतून "मारुतीच्या देवळामागे" एवढे शब्द काढले होते, ओळ लांब होत होती म्हणून. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. आवाज चढवत नाही. "सही त्याची आणि शहाणपण तुझं?" एवढंच म्हणता, आणि प्रूफ हातात देऊन मला सायकलवर गिरणारे गावाला पाठवता. भर उन्हात पोचलो तर ज्याची पत्रिका होती तो शेतकरी हसायला लागला. "आवो, त्या दिवशी गावात तीन लग्नं हायेत. देवळामागं नाय लिव्हलं तर पाव्हणं भलत्याच मांडवात जेवून येतील!" परत येईपर्यंत मी ते शब्द पुटपुटत होतो.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर कंपनीकडून टपालानं एक सीडी आली. जुन्या ग्राहकांना नवी आवृत्ती भेट. मी खूश. सीडी घातली, कॉम्प्युटरवर इंग्रजी मजकूर आला, खाली एक बटण, ते दाबलं. काही महिने सगळं बरं चाललं, आणि एका गुरुवारी प्रोग्राम उघडेचना. कंपनीला फोन केला तर, "नियम बदललेत. आता दरवर्षी नवा नंबर विकत घ्यायचा, तरच उघडेल." दहा वर्षांचं जुळवलेलं काम आत अडकलेलं. त्यात मखमलाबादच्या एका फुलवाल्याच्या मुलीची पत्रिका, प्रूफवर त्याची सही झालेली, मंगळवारी द्यायचा शब्द दिलेला. तो दुकानात आलाच. "मास्तर, छापली का? वाटायला निघायचंय." हो मास्तर, आता मलाही मास्तर म्हणतात. मी "होतंय" म्हणालो आणि पाणी प्यायलो.

शुक्रवारी ते पत्र, खोकं आणि कुलूप पिशवीत घालून कॉलेज रोडला गेलो, जिथून प्रोग्राम घेतला होता तिथे. टेबलाशी एक मुलगी होती, माझ्या सुनेच्या वयाची. पत्र पाहून म्हणाली, "काका, हे जुनं झालं. सीडीसोबत नव्या अटी आल्या होत्या. तुम्ही त्या मान्य केल्यात."

"मी? मला विचारलं कुणी?"

"मान्यचं बटण दाबल्याशिवाय प्रोग्राम चढतच नाही, काका."

"मी नाही दाबलं." मग काय सुचलं कोण जाणे, मी खुर्ची ओढून बसलो. "आमच्या छापखान्यात सहीच्या आधी प्रूफ मोठ्यानं वाचतात. मला वाचून दाखवा. मराठीत."

"सगळं? अहो, पंधरा पानं आहेत!"

"मला काही घाई नाही," म्हणालो. खरं तर मंगळवार छातीवर बसला होता.

ती हसली, पण वाचायला लागली. एकेक ओळ इंग्रजीत, मग मराठीत. चहा आला, गार झाला. मागच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "काय पोथी लावलीय का?" नवव्या पानावर ती थांबली. मग हळू आवाजात वाचलं, की कंपनी या अटी न कळवता केव्हाही बदलू शकते. "काका, चार वर्षं हे विकतेय. मी पण आजच वाचलं." तिनं माझं पत्र उचललं आणि मोठ्या ऑफिसला फोन लावला. अर्धा तास भांडली. "त्यांच्याकडे तुमच्याच सहीचं पत्र आहे. सही करून वर तुम्हीच बदलता?" मास्तर, तुमचंच म्हणणं त्या पोरीच्या तोंडी! मी पिशवी घट्ट धरून बसलो होतो. शेवटी माझ्या कॉम्प्युटरपुरता नंबर मिळाला, पुन्हा कधी न मागणारा. मंगळवारी पत्रिका दिल्या. फुलवाल्यानं गुलाबांची जुडी आणली, ती तुमच्या फोटोपुढे ठेवली.

गल्लीत ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. सातवी पास माणसानं कंपनीला वाकवलं म्हणून अजून सांगतात, आणि मलाही अजून छाती भरून येते. तो कॉम्प्युटर मी विकलेला नाही, कुलपासकट झाकून ठेवलाय. हे तुम्हाला लिहिलेलं पत्र कुठे पाठवणार? घडी घालून त्या खणातच ठेवीन. फक्त ती मुलगी फोनवर आणखी एक वाक्य बोलली होती, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. "काका म्हणतात, त्यांनी बटण दाबलंच नाही, आणि हा माणूस खोटं बोलणारा नाही."

दाबलं होतं, मास्तर. इंग्रजी होतं, आणि कुणाला वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली.