भोक चुकलेली बी

प्रिय सूनबाई,

पत्र उघडलंस हेच पुष्कळ. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना दुसरा उद्योग तरी काय! मुद्द्याचं आधीच सांगून टाकते: माझा दिवटा परत आलाय. तुला टाकून जिच्याकडे गेला होता, तिनं त्याला दार दाखवलं. आता पायरीवर बसून चहा पितो आणि उसासे सोडतो.

दुकानामागच्या रतनगुंजेला यंदा पहिल्यांदाच शेंगा धरल्या. वाळल्या की पीळ पडून उघडतात, आत लालचुटूक बिया, पॉलिश केल्यासारख्या. समोरचा शिंपी म्हणतो, आजी, आता बियांची पोती कशाला मागवता, घरचीच खाण झाली की! म्हटलं, तू शिवायला नेऊन अडकवून ठेवलेला माझा पडदा आधी दे, मग खाणीचं बोल.

हे झाड इकडचं नव्हेच. माळांसाठी बिया बोटीनं यायच्या. मला भारी हौस, म्हणून दरवर्षी त्यातल्या टपोऱ्या निवडून कुंडीत लावायची. खत घाल, पाणी घाल, बिया आपल्या ढिम्म. इथल्या मातीत हे झाड रुजत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग तू आलीस, माळेच्या बियांना भोकं पाडायला शिकू लागलीस. गिरमिट सरळ धर, सरळ धर म्हणून मी ओरडतेय, तोवर ते निसटलंच. भोक राहिलं बाजूला, बीच्या पाठीवर नुसता ओरखडा उठला. वाया गेली म्हणून तू ती मोरीजवळच्या फुटक्या टबात भिरकावलीस, आणि थोड्याच दिवसांत तिथे कोंब! तोच मग आपण दुकानामागे लावला. तेव्हा कुठे आपल्या डोक्यात उजेड पडला. हिचं कवच दगडासारखं, कुठेतरी सोललं गेलं तरच पाणी आत शिरतं. मी जिवापाड जपलेल्या बिया जन्मात उगवल्या नसत्या. किती हसलो होतो आपण दोघी!

जाताना तू ते गिरमिट नेलंस, बरं केलंस. ऐकते, तिकडे स्वतःचं टेबल मांडलंयस, हाताखाली दोघीजणी आहेत. इथे माझ्या बोटांचं आणि सुईचं हल्ली पटत नाही. माळा ओवल्या जातात, पण रडतखडत.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. त्यानंच लिहायला सांगितलंय. आई, तुझा शब्द ती मोडायची नाही, तिला बोलावून घे, अशी सकाळपासून भुणभुण चाललीय. आत्ताही डोकावून विचारून गेला, लिहिलंस का? म्हटलं, लिहितेय. तर लिहिते: त्याच्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठीही नको. आठवण येते, पण ते बोलावणं समजू नकोस. सोबत पुडीत आपल्या झाडाच्या बिया आहेत. त्यांच्या माळा कर. एक मात्र ओरखडून तुझ्या दाराशी लाव. पाकीट टाकायला त्यालाच पाठवते, तेवढं तरी काम होऊ दे त्याच्या हातून.

तुझीच,
गिरमिट सरळ धर म्हणून ओरडणारी आई