मेण लावलेली काच

आप्पा, काल माझ्याकडे दोन डॉक्टर आले होते. दोघेही इतके कोवळे, की तुम्ही त्यांना आधी हात धुवायला पाठवलं असतं आणि मगच बसा म्हटलं असतं. त्यांना नेमावरच्या बाजूच्या भिल्लांच्या वस्त्यांमधून बोटाबोटाचं रक्त गोळा करायचं आहे. बाया सुई पाहून पोरं उचलून रानात पळतात, म्हणून कुणीतरी त्यांना सांगितलं, देवासच्या जनाना दवाखान्यातल्या म्हाताऱ्या बाईंना बरोबर न्या, त्यांचं ऐकतात. त्यांतला एक इंदूरचा, आपल्यातलाच, पण मराठी पार मोडकी. तो मला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावत होता. काही लोकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात; मग हाडं ठणकतात, डोळे पिवळे होतात, मुलं हातची जातात; आणि हे आईबापांकडून येतं. "इकडे हे अभी अभी मालूम पडलंय, आजी," म्हणाला. मी हसले. म्हटलं, मी हे धारला पाहिलंय, पहिली मोठी लढाई लागायच्या आधी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी काहीतरी बरळते आहे, हे न बोलता सांगायची तरुणांची एक पद्धत असते. मग इंदूरच्याने विचारलं, "आजी, तुम्हाला दिसलं होतं ना? मग तुम्ही किसीको बताया क्यों नहीं?" मी ताडकन म्हटलं, सांगितलं होतं. माझ्या वडिलांना. त्यांनी मानलं नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तेव्हा उलट उत्तर दिलं म्हणून आता रागावून तरी काय कराल?

आधी तुमचं देणं कबूल करते, नाहीतर म्हणाल पोरगी कृतघ्न निघाली. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून मी सासरहून धारला परत आले तेव्हा तुम्ही माझे केस काढू दिले नाहीत. आई रडली, आत्या रुसून बदनावरला निघून गेली, तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मला दवाखान्याला लागून असलेल्या आपल्या बाजूच्या खोलीत नेलंत आणि खिडकीपाशी त्या पितळी सूक्ष्मदर्शक यंत्रासमोर स्टुलावर बसवलंत. आरसा कसा फिरवायचा, उजेड कसा पकडायचा, हिवतापाचा किडा पेशीत कसा अंगठी घालून बसतो, सगळं दाखवलंत. वर्षभरात रोजच्या काचा मीच पाहू लागले. तुम्ही लोकांना सांगायचात, हिचा हात हलका आहे. मी बघायची, तुम्ही रजिस्टरात सही करायचात. त्या खोलीत मी कुणाची विधवा नव्हते. हे मी विसरलेले नाही. पण आज मी आभार मानायला बसलेली नाही.

ती बाई धरमपुरीकडून आली होती, घाट चढून, आठ वर्षांची पोर पाठीला बांधून. तुम्हाला आठवत नसेल, तुमच्यापुढे रोज पन्नास यायचे. पोरीचे डोळे हळदीसारखे, हातापायाचे सांधे सुजलेले, अंगात ताप, आणि हात लावला की किंकाळी. तुम्ही कॉटच्या पायथ्याशी उभे राहून तिथूनच सांगितलंत: हिवताप. कोयनेल द्या, ताप उतरेपर्यंत ओल्या चादरी, आणि लंघन. पाणी घोटभर, तेही मागितलं तर. आपल्याकडे तापाला हेच करत आले होते. आजोबांनी तुम्हाला केलं, तुम्ही मला केलंत. ती बाई हात जोडून म्हणत होती, "डॉक्टरसाब, ठंडो पाणी मत लगाओ. ठंडो लगे तो छोरी का हाड फूटे." तुम्ही कंपाउंडरला म्हणालात, यांना काय कळतंय. आणि तुम्ही पुढच्या कॉटकडे गेलात.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं श्राद्ध होतं. पहाटे, अंघोळीच्या आधी, मी त्या पोरीच्या बोटाचं रक्त घेतलं. किडा जिवंत हलताना दिसावा म्हणून ओला थेंबच काचेवर घेतला, वरून पातळ काच ठेवली आणि कडांना मेण लावून टाकलं, हे तुम्हीच शिकवलेलं. एरवी मी लगेच पाहिलं असतं. पण आईची हाक आली. सोवळ्याचा स्वयंपाक, बारा वाजता ब्राह्मण जेवायला. रक्ताला हात लावलेला कुणाला कळू नये म्हणून मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि चुलीपाशी जाऊन बसले. वडे तळले, खीर केली, पिंडांचा भात उतरवला. तो थेंब मेणाखाली कोंडून राहिला, कुणाच्याही लक्षात नसलेला. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी खोलीत गेले आणि यंत्राला डोळा लावला. किडा नव्हताच. पेशी मात्र वाकल्या होत्या, आप्पा. एकदोन नव्हे, जवळजवळ सगळ्या. टोकं निघालेल्या, चंद्रकोरीसारख्या, शेतातल्या विळ्यासारख्या. मी माझ्या बोटाचं रक्त तसंच मेणात कोंडून बाजूला ठेवलं. संध्याकाळी उजेड जायच्या आत पाहिलं तर त्यातल्या पेशी गोल त्या गोलच.

तुम्हाला बोलावलं तेव्हा तुम्ही काचेकडे पाहिलंच नाहीत. श्राद्धाच्या दिवशी रक्ताला शिवलीस? एवढंच विचारलंत. मग म्हणालात, दिवसभर कोंडलेलं रक्त नासणारच, त्यात काय बघायचंय, उकळून टाक. आपल्याकडे काचा मोजक्या, मुंबईहून पेटीतून यायच्या. ज्यात किडा नाही ती सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि पुसून परत वापरायची, हा तुमचा नियम. मी उकळली. पण माझं रक्त का नासलं नाही, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आणि आजही तुमच्याजवळ नाही.

म्हणून मी चोरी केली. तुम्ही रोज दहाच्या सुमारास राजवाड्यात हजेरीला जायचात. तुमचा टांगा वळला की मी त्या ओल्या चादरी काढायची. बाई पोरीला उचलून मागच्या अंगणात उन्हात न्यायची, घोंगडीत गुंडाळायची, आणि आम्ही दोघी तिला तांब्यांवर तांबे पाणी पाजायचो, कधी ज्वारीची पातळ राब. टांग्याचा आवाज आला की पोर परत कॉटवर, चादर परत अंगावर. उन्हात बसल्या बसल्या बाई सांगायची. तिची दोन पोरं अशीच गेली. तिचा भाऊ असाच गेला. "यो दरद म्हारा पीयर में भी है, बई, ने इका बाप का घर में भी है." माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे. पोरीचा बाप बाजाराच्या दिवशी भेटायला आला तेव्हा मी दोघांचीही बोटं टोचली आणि काचा मेण लावून ठेवल्या. ते दोघे धडधाकट, ओझी वाहणारे. तरी दुपारपर्यंत दोघांच्याही थोड्या थोड्या पेशी वाकल्या. मला तिथेच कळलं. याच्याकडून थोडं, तिच्याकडून थोडं, ते पोरीत साठलं. हे दारूचं नाही, दारिद्र्याचं नाही, यांना काय कळतंय याचंही नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यासाठी मला कुणाच्या सहीची गरजही नव्हती.

मी परत तुम्हाला बोलावलं. या वेळी हट्टच धरला. तुम्ही पगडी काढून ठेवलीत, वाकलात, बराच वेळ डोळा लावून पाहिलंत. मग सरळ होऊन म्हणालात, "रंग नीट धुतला नाहीस. डाग आहेत नुसते. जे दिसतं ते बघायला शीक, जे हवं ते नको." मी त्या दोन काचाही उकळल्या.

पोर पाचव्या दिवशी उठून चालायला लागली. तुम्ही रजिस्टरात लिहिलंत, म्हणजे मी लिहिलं आणि तुम्ही सही केलीत: हिवताप, कोयनेल, थंड चादरी, लंघन. पूर्ण गुण. बाई जाताना माझ्या पायावर डोकं ठेवायला लागली, मी ठेवू दिलं नाही. ती म्हणाली, "फिर दरद उठ्यो तो थारा कने आऊँगी, बई."

ती आली. माघात, कडाक्याच्या थंडीत. मी तेव्हा मामांकडे देवासला लग्नाला गेले होते. मांडवात माझी सावली नको होती, पण लाडू वळायला दोन हात हवे होते. दहा दिवसांनी परतले तर रजिस्टरात दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात ओळ होती. मुलगी, धरमपुरी, उपचार मागीलप्रमाणे. आणि त्यापुढे मयत. मागीलप्रमाणे, आप्पा. माघाच्या थंडीत ओल्या चादरी आणि घोटभर पाणी, कारण मागच्या वेळी त्याने पूर्ण गुण आला होता. कंपाउंडर म्हणाला, बाई तीन दिवस दारात बसून विचारत होती, बई किधर है. तुम्ही जेवताना म्हणालात, या लोकांत आता पहिल्यासारखा काटकपणा राहिला नाही. मी ताटावरून उठले. इतकी वर्षं मला वाटत आलं आहे की तो घास तुमच्या तोंडात अडकायला हवा होता.

नंतर मी नर्सची परीक्षा दिली, देवासला नोकरी धरली. देवासात राज्यं दोन: थोरल्या पातीच्या सरकारात काम, धाकट्या पातीच्या हद्दीत राहायची खोली, रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. पण माझ्या दवाखान्यात हाडं ठणकणाऱ्या एकाही भिल्लाच्या पोराला मी ओली चादर लागू दिली नाही. मोठ्या डॉक्टरांशी भांडले, दोनदा लेखी ताकीद घेतली, पाणी पाजत राहिले आणि उन्हात बसवत राहिले. का, ते विचारलं तर सांगता यायचं नाही, कारण तिथलं यंत्र मोठ्या डॉक्टरांच्या कुलपात आणि दाखवायला काच नव्हती. काल त्या पोरांनीही तेच विचारलं, काही ठेवलं आहे का, आजी? मी म्हटलं, वडिलांनी उकळायला लावलं. ते हळहळले. तुम्हाला दोष देऊन चहा पिऊन गेले.

आणि ते गेल्यावर मला बसवेना.

दुसऱ्यांदा बोलावलं आणि तुम्ही वाकलात ना, तेव्हा यंत्राखाली काही नव्हतं, आप्पा. काच माझ्या पदराखाली, मुठीत होती. त्या थेंबाला मी रंगही लावलेला नव्हता. श्राद्धाच्या दिवसापासून माझ्या मनात शंका होती. तुम्ही कॉटच्या पायथ्याशी उभं राहूनच का बोलता, बाटल्यांवरची नावं कंपाउंडरला का वाचायला लावता, पोरीचे पिवळे डोळे तुम्ही जवळून का पाहिले नाहीत. म्हणून मी ते केलं. तुम्ही रिकाम्या उजेडात बराच वेळ पाहिलंत आणि डाग आहेत म्हणालात. तुम्हाला दिसत नव्हतं. कदाचित दोन वर्षांपासून नव्हतं. हे धारमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, तुम्हाला आणि मला, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मी त्या दिवशी बोलले असते तर मग चादरी मी काढल्या हेही बोलावं लागलं असतं, आणि रजिस्टरात ती खोटी ओळ गेली नसती. तुमच्या अब्रूसाठी गप्प राहिले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले आहे. ते ऐकायला बरं वाटतं. पण तुम्हाला दिसत नाही हे बाहेर पडलं असतं तर दवाखान्यात दुसरा डॉक्टर आला असता, यंत्र त्याच्या खोलीत गेलं असतं, आणि मी परत चुलीपाशी.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही. उद्या पहाटे त्या दोघांबरोबर नेमावरकडे निघायचं आहे. त्याआधी हा कागद धारहून बरोबर आणलेल्या, यंत्राच्या रिकाम्या पेटीत तळाशी घालून ठेवीन. त्या पोरांना मात्र वाटेत खरं सांगेन, तेवढं धैर्य अजून आहे. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं म्हणून हे. ती बाई दारात बसून मला विचारत होती, तुम्हाला नाही. आणि मला त्या स्टुलावरून उठायचं नव्हतं.