पट्टीवरचं दुसरं नाव

मोयोबांबा,
रविवार, २२ सप्टेंबर १९९६

ती. ओलिंदाआत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. बाबांनी घडवलेल्या ऑर्किडच्या रोपाचं पहिलं फूल लाल उमललं असं मी कळवलं होतं. ते लाल नाही, गुलाबी आहे. त्या दिवशी उन्हं उतरली होती, आणि सात वर्षं ‘लाल येणार, लाल येणार’ ऐकल्यावर डोळ्यांनाही तेच दिसलं. सकाळी कुंडी दारात आणून पाहिली. गुलाबीच.

बाकी सगळं छान आहे. चपलेच्या पुढच्या भागासारखी पिशवी अंगठ्याएवढी आहे, आणि दोन्ही बाजूंना हिरव्या आई-रोपासारख्या पीळदार पाकळ्यांच्या मिशा. फुलांच्या प्रदर्शनाची नोंदवही ठेवणारे एर्मोहेनेस गुरुजी पाहून गेले. नवं रोप लाजतं, पुढच्या बहरात लाल होईल, असं म्हणाले. शनिवारी, २ नोव्हेंबरला ते वही घेऊन येतील आणि बाबांनी ठरवलेलं आईचं नाव, ‘देल्मिरा’, लिहून घेतील. दोन्ही जनक रोपांची नावं दिल्याशिवाय नव्या फुलाला नाव मिळत नाही, हे तुला माहीत आहेच.

बाबांना जाऊन सात महिने झाले, तरी केळी अजून दोघांपुरतीच भाजली जातात. उरलेली सकाळी खाते. कुंड्यांना पाणी घालताना परवा खोकले, तर स्वतःच्याच आवाजाने दचकले.

प्रकृतीला जप. माझ्यावर माया आहे, ती असू दे.

तुझी,
नेलिदा


लिमा,
२ ऑक्टोबर

चि. नेलिदास,
अ. उ. आ.

गुलाबी तर गुलाबी! इथे लिमात जूनपासून सूर्य दिसलेला नाही, मला तर सगळी फुलं राखाडीच दिसतात. लहानपणी कोंबडीने दोन अंडी घातली तरी तू एकच सांगायचीस, दुसरं शेजारणीच्या कोंबडीचं असेल म्हणून! अजून तशीच आहेस.

माझ्या शिवणवर्गातल्या झाडून सगळ्या बायांना मी सांगून टाकलं आहे की माझ्या भावाने फूल घडवलं आणि त्याला माझ्या वहिनीचं नाव मिळणार आहे. पोरी, नदीने देल्मिराला नेलं त्याला सोळा वर्षं झाली. तिला ना थडगं, ना दगड. दर दोन नोव्हेंबरला स्मशानाच्या दारातल्या मोठ्या क्रुसापाशी, ज्यांची माणसं सापडलीच नाहीत त्यांच्या गर्दीत, आपण मेणबत्ती लावतो. तिचं नाव आता एकदा कुठेतरी लिहिलेलं मला पाहायचं आहे. शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, पोचणाऱ्या बसचं तिकीट काढलं आहे.

पण एवढ्याशा रंगासाठी अख्खं पत्र? तुला काहीतरी सलतंय. काय ते लिही.

पोटभर जेव, आणि आशीर्वाद आहेतच.

ओलिंदाआत्या


मोयोबांबा,
११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नसतं विचारलंस तर लिहिलं असतं की नाही, माहीत नाही.

मी बारा वर्षांची होते. बाबांना हिवताप झाला होता, हात कापायचे. डोंगरातून आणलेल्या लाल रोपाला दोन वर्षांनी एकच फूल आलं होतं. दात कोरायच्या काडीवर त्याचे पराग घे आणि हिरव्या फुलाची पिशवी कापून आत लाव, असं त्यांनी मला सांगितलं. परागाचे दोन्ही गोळे काडीला एकदम चिकटले. मी वळले आणि ते कुंडीखालच्या तसराळ्यातल्या पाण्यात पडले. सापडले नाहीत. तेवढ्यात बाबांनी खाटेवरून विचारलं की झालं का. मी म्हटलं, झालं. आणि मग शेजारच्या फळीवरच्या गुलाबी रोपाचे पराग घेऊन लावले. त्या रोपाची नावाची पट्टी कधीच हरवली होती. ते कुठलं, कुणाचं, बाबांनाही ठाऊक नव्हतं, आणि पुढे ते मेलंही.

बाबांनी नेहमीप्रमाणे पट्टी लिहिली. आधी आई-रोपाचं नाव हिरवी, मग बाप-रोपाचं नाव लाल. आणि खाली, दुसऱ्या कुठल्याही पट्टीवर नाही असं, ‘हात नेलिदाचा’. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती पट्टी दाखवायचे. मी तेवढ्यात पाणी आणायला जायची.

मागल्या आठवड्यात ते फूल पडलं. ही फुलं सुकून गळत नाहीत, टवटवीत असतानाच खाली येतात. सकाळी फळीवर तसंच्या तसं बसलेलं दिसलं. मागून दुसरी कळी पुढे आली आहे. तीही गुलाबी.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

नेलिदा


लिमा,
१९ ऑक्टोबर

चि. नेलिदास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. रागावले नाही. बारा वर्षांच्या पोरीवर काय रागवायचं? पण एकोणीस वर्षांच्या बाईला सांगते, गप्प बस. जे पाण्यात पडलं ते पडलं. ते गुलाबी रोपही मेलं, आता विचारायला कोण येणार आहे? माझ्या भावाने, असुन्सिओनने, ती पट्टी विश्वासाने लिहिली. तू ती खोडलीस तर त्याचा शब्द खोडशील, आणि माझ्या वहिनीला दुसऱ्यांदा बुडवशील.

एकटी राहतेस म्हणून जुनं उकरत बसतेस. इथे ये, मशीन शिकवते.

वहीत काय लिहायचं ते तू ठरव. पण खाडाखोडच पाहायची असेल तर मी दीड दिवस बसमध्ये कशाला बसू? तिकीट परत करीन.

तब्येत सांभाळ.

ओलिंदाआत्या


मोयोबांबा,
रविवार, २७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवून तीन दिवस काढले.

मला अक्षरं तू आणि बाबांनी ह्या पट्ट्यांवरच शिकवलीत. तेव्हा बाबा सांगायचे की बिनपट्टीची कुंडी चालेल, पण खोट्या पट्टीची नको. तिच्यावरून पुढे दहाजण रोपं करतात आणि खोटं नातवंडांपर्यंत जातं. आईच्या नावाने तसं व्हायला नको. एर्मोहेनेस गुरुजींना काल जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि ह्या फुलाला मग नाव मिळणार नाही, एवढंच म्हणाले. पट्टीवरचं दुसरं नाव मी खोडलं आहे. ‘हात नेलिदाचा’ राहू दिलंय. तेवढं खरं आहे.

आत्या, लाल रोपाला ह्या वर्षी पुन्हा एक कळी आहे, आणि हिरवीही फुलावर आहे. बी धरायला, बाटलीत रुजायला, वाढायला पुन्हा सात वर्षं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची असेन. आईचं नाव तोवर थांबेल. मी शिवण शिकायला येणार नाही.

ह्या वेळी फुलाखाली पांढरं फडकं अंथरणार आहे, म्हणजे पडलं तरी दिसेल. एकाने फडकं धरलं तर सोपं जातं. कुणी नसलं तर चार चिमट्यांनी ताणून बांधीन. तिकीट परत केलं असशील तरी तुझा कप घासून ठेवला आहे.

माझ्या चुकीपेक्षा तुझा लोभ मोठा निघो, एवढंच मागणं.

तुझी,
नेलिदा

ता. क. – हे पत्र उद्याच्या विमानाने धाडते, म्हणजे बुधवारी तुला मिळेल. लाल कळी उद्या-परवा उमलेल. दोन-तीन दिवस फूल पक्व होऊ देते. शनिवारी, २ नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता, क्रुसापाशी मेणबत्ती लावायला जाण्याआधी, काडी हातात घेईन.