तेल लावलेली डोकी

प्रिय छोटे,

कालपासून मला उगाचच हसू फुटतंय. केंद्रातल्या लोकांना वाटतंय, बाईंचाच मेंदू आता तपासून घ्यावा लागणार. वाटू दे! सहा महिने टांगणीला लागलेला जीव काल एकदाचा भांड्यात पडला. आणि एवढ्या घोराला कारण काय, तर तेल!

तुला ठाऊक आहे, आमच्याकडे गरीब वस्त्यांतली बारा ते सोळा वर्षांची मुलं येतात. अर्धपोटी राहणं, घरातली भांडणं, सततची काळजी यांचा वाढत्या मेंदूवर आणि मनावर काय परिणाम होतो, ते आम्ही शोधतो. डोक्यावर तारांची टोपी घातली की मेंदूतल्या लहरी पडद्यावर उमटतात. यंत्र श्रीमंत देशातलं, सोबतचं जाडजूड पुस्तकही तिकडचंच. केसांना तेल लावून येऊ नये, हे त्यात कोण कशाला लिहील? आणि आपल्या आया! मोठ्या तपासणीला जायचंय म्हटल्यावर पोरांची डोकी चापूनचोपून पाठवतात. तुलनेसाठी इतर घरांतली काही मुलंही घेतली होती, त्यात तुझी ठमी; तू तर तिच्या वेण्या अशा चोपडल्या होत्यास की तेल कानामागून ओघळत होतं.

तेलावर टोपीतली लहरी टिपणारी बटणं नीट टेकत नाहीत, लहरी गढूळ येतात. आम्ही शहाणे मात्र 'हा गरिबीचाच परिणाम' म्हणत माना डोलावत बसलो. चूक पकडली ती टोप्या धुणाऱ्या बाईंनी. साबण पुरत नाही म्हणून त्या रोज करवादायच्या. एके दिवशी वैतागून त्यांनी कुठल्या क्रमांकाच्या मुलाची टोपी तेलकट होती, याची यादीच माझ्यापुढे आपटली. वाईट आलेखांच्या यादीशी ती ताडून पाहिली, तर जवळजवळ तेच क्रमांक! सगळ्यांना परत बोलावलं, डोकी धुतली, वाळवली, पुन्हा मोजणी केली. बहुतेक पोरं ठणठणीत निघाली. काहींना खरंच त्रास आहे, पण आता निदान त्यांच्याकडे नीट बघता येईल.

काल शेवटचा नंबर ठमीचा होता. मावशीला मनातल्या मनात ठेवलेली नावंही पडद्यावर दिसतात का, असं विचारत होती कार्टी. आलेख इतका स्वच्छ आला की मी पाठ फिरवून डोळे पुसले.

आता खरं सांगते. तोंडावर सांगायचा धीर नाही, म्हणून हा कागद. कुठला आलेख कुणाचा, हे बघायची मला मुभा नव्हती. ठमीचा मी तेलाचं कळण्याआधीच चोरून पाहिला होता; तोही गढूळ होता. दूरच्या त्या निवासी विज्ञान शाळेत तिला घालू का, असं विचारायला तू आलीस, तेव्हा वसतिगृह बरं नाही, पोर एकटी पडेल, अशा सतरा सबबी मी सांगितल्या. मनात भीती एकच होती, तिच्या डोक्याला ते झेपणार नाही. तू मोठ्या बहिणीचं ऐकलंस, आणि ठमी आठवडाभर धड जेवली नाही. जिला मी जन्मापासून ओळखते, तिच्याबद्दल मी यंत्राचं ऐकलं. माझं चुकलं गं. रविवारी ये आणि हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी मुकाट ऐकून घेईन. पण अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, मी शाळेत फोन करून विचारलंय. आधी तिचा अर्ज भर.

तुझीच,
ताई