लेकाच्या पोटाची दृष्ट

मोखाडा, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

लेकाच्या छातीत दुखतं म्हणून त्याला जव्हारला नेलं. डॉक्टर म्हणाला, "आजी, रक्तातली चरबी नसेच्या भिंतीत शिरते. अंगाच्या राखणदार पेशी ती खाऊन खाऊन फुगतात, मग तिथं सूज धरते."

राखणदारच खादाड! पण चारलं कोणी? मीच. थोरली पोर बरगड्या मोजाव्यात अशी वाळून मेली, म्हणून ह्याला तूप. मास्तर झाला, पोट सुटलं, तर मी मीठ-मिरच्या ओवाळून त्या पोटाची दृष्ट काढली. किती वेळा काढली!

सून माहेरी गेलीय. आज मीच नागलीची भाकर कोरडी वाढली.

"आये, तूप?"

म्हटलं, "मरायचं तर बायकोच्या हातचं खाऊन मर, माझ्या हातचं नको."

दोघंही कोरडंच जेवलो.